व्हास्टस लॅटरॅलिस

व्हास्टस लॅटरॅलिस हा मानवी मांडीच्या पुढच्या व बाहेरच्या अंगाला असलेला एक मोठा स्नायू आहे. गुडघा सरळ करणाऱ्या क्वाड्रिसेप्स या चार शिरांच्या स्नायुसमूहातील तो सर्वांत मोठा घटक होय. खुर्चीवरून किंवा जमिनीवरून उठणे, जिना चढणे-उतरणे, धावणे, उडी मारणे आणि सायकल चालवणे या क्रियांमध्ये त्याचा वाटा मोठा असतो.

वैद्यकशास्त्रात या स्नायूला त्याच्या आकाराखेरीज त्याच्या जागेमुळेही महत्त्व आले आहे. तो त्वचेजवळ आहे, जाड आहे आणि त्याच्या मध्यभागातील बाहेरच्या भागात मोठ्या चेता किंवा मोठ्या रक्तवाहिन्या नाहीत. त्यामुळे तान्ह्या बाळांना स्नायूत द्यावयाच्या लसी याच ठिकाणी टोचतात. मानवी स्नायूंच्या अभ्यासासाठी जिवंत माणसाच्या शरीरातून नमुना घेण्याची सर्वाधिक वापरली जाणारी जागाही हीच आहे. वाढत्या वयात हा स्नायू लक्षणीय प्रमाणात क्षीण होतो. मात्र योग्य व्यायामाला तो उतारवयातही प्रतिसाद देतो.

संक्षिप्त माहिती

उगम: मांडीच्या हाडाचा वरचा बाह्य भाग व मागील खडबडीत रेषेची बाहेरची कड
निवेश: गुडघ्याच्या वाटीचा वरचा व बाहेरचा काठ, तेथून वाटीच्या अस्थिबंधामार्फत नडगीचे हाड
धमनी: मुख्यतः लॅटरल सर्कम्फ्लेक्स फेमोरल धमनीची उतरती शाखा
चेता: फेमोरल चेता (कमरेच्या दुसऱ्या ते चौथ्या मेरुचेता)
क्रिया: गुडघा सरळ करणे, वाकणाऱ्या गुडघ्याला आवर घालणे
विरोधी स्नायू: मांडीच्या मागील बाजूचे हॅमस्ट्रिंग स्नायू

नाव

स्नायूचे नाव लॅटिन भाषेतून आले आहे. 'व्हास्टस' म्हणजे विशाल आणि 'लॅटरॅलिस' म्हणजे बाजूचा. शरीररचनेच्या जुन्या ग्रंथांत याच स्नायूला 'व्हास्टस एक्स्टर्नस' म्हणजे बाहेरचा विशाल स्नायू असे म्हटलेले आढळते. क्वाड्रिसेप्स समूहात 'व्हास्टस' हे उपपद असलेले तीन स्नायू आहेत : बाहेरच्या बाजूचा व्हास्टस लॅटरॅलिस, आतल्या बाजूचा व्हास्टस मिडियॅलिस आणि या दोघांच्या मध्ये, हाडालगत असलेला व्हास्टस इंटरमिडियस. चौथा घटक रेक्टस फेमोरिस हा असून तो मांडीच्या पुढच्या बाजूस मध्यभागी सरळ उतरतो.

रचना

उगम

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूस एक ठळक उंचवटा असतो. त्याला मोठा ट्रोकँटर म्हणतात. कुशीवर झोपल्यावर गादीला टेकणारा कमरेखालचा कठीण भाग तो हाच. या उंचवट्याच्या पुढच्या व खालच्या कडेपासून, तसेच त्याच्या पुढून तिरपी जाणाऱ्या रेषेच्या वरच्या भागापासून व्हास्टस लॅटरॅलिसचा उगम होतो. तेथून उगमाची रेषा हाडाच्या मागे वळते आणि लिनिया ॲस्पेरा या मागील खडबडीत रेषेच्या बाहेरच्या कडेला साधारणतः तिच्या वरच्या अर्ध्या भागात चिकटते. काही तंतू मांडीच्या पुढच्या व मागच्या कप्प्यांना वेगळे करणाऱ्या पडद्यापासूनही निघतात. म्हणजे हा स्नायू मांडीच्या बाजूला दिसत असला, तरी त्याचे मूळ मांडीच्या मागच्या बाजूपर्यंत पोहोचलेले असते आणि तो हाडाला बाहेरून वेढा घालून पुढे येतो.

निवेश

खाली येताना स्नायूचे तंतू एका रुंद, चपट्या कंडरेत विलीन होतात. ही कंडरा गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या व बाहेरच्या काठाला लागते आणि क्वाड्रिसेप्सच्या इतर घटकांच्या कंडरांशी एकरूप होते. वाटीच्या खालच्या टोकापासून निघणारा अस्थिबंध नडगीच्या हाडावरील पुढच्या उंचवट्याला जोडलेला असतो. त्यामुळे स्नायूची ओढ वाटीवरून थेट नडगीपर्यंत पोहोचते. कंडरेचे काही तंतू वाटीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्याच्या सांध्याच्या आवरणातही मिसळतात.

शेजार

स्नायूच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून इलिओटिबियल पट्टा हा प्रावरणीचा जाड, चिवट पट्टा कमरेच्या हाडापासून नडगीच्या हाडाच्या वरच्या बाह्य भागापर्यंत उतरतो. पुढच्या व आतल्या बाजूस रेक्टस फेमोरिस, खोलवर व्हास्टस इंटरमिडियस आणि मागे पडद्यापलीकडे बायसेप्स फेमोरिस हे त्याचे शेजारी होत. व्हास्टस लॅटरॅलिस आणि व्हास्टस इंटरमिडियस यांच्या सीमेवरचे तंतू अनेकदा एकमेकांत मिसळलेले असतात. २०१६ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी या दोघांच्या मधल्या जागेत एका वेगळ्या स्नायूचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला 'टेन्सर ऑफ द व्हास्टस इंटरमिडियस' असे नाव दिले. क्वाड्रिसेप्सच्या घटकांची सीमा आखणे सोपे नाही, हे त्यावरून दिसून येते.

रक्तपुरवठा व चेतापुरवठा

स्नायूला मुख्य रक्तपुरवठा लॅटरल सर्कम्फ्लेक्स फेमोरल धमनीच्या उतरत्या शाखेतून होतो. ही शाखा रेक्टस फेमोरिसच्या खालून, व्हास्टस लॅटरॅलिसच्या पुढच्या कडेने उतरते आणि तिच्यासोबत स्नायूची चेताही असते. मांडीच्या खोल धमनीच्या शाखा मागच्या बाजूने पूरक रक्त पुरवतात. क्वाड्रिसेप्सच्या चारही घटकांना फेमोरल चेताच उत्तेजना देते.

मांडीच्या बाहेरच्या त्वचेची संवेदना मात्र दुसऱ्याच चेतेकडे असते. कमरेचा पट्टा फार घट्ट असणे, वजन वाढणे किंवा गर्भारपण यांमुळे ही त्वचेची चेता जांघेजवळ दाबली गेल्यास मांडीच्या बाहेरच्या बाजूस बधिरता, मुंग्या किंवा जळजळ जाणवते. या विकारात व्हास्टस लॅटरॅलिसची ताकद कमी होत नाही.

सूक्ष्मरचना

व्हास्टस लॅटरॅलिसचे तंतू स्नायूच्या लांबीला समांतर नसून पिसातील केसांप्रमाणे तिरपे बसवलेले असतात. अशा मांडणीमुळे ठरावीक जागेत अधिक तंतू मावतात. प्रत्येक तंतू स्नायूच्या एकूण लांबीच्या मानाने आखूड, सुमारे १० सेंटीमीटर असतो. पण एकाच वेळी ओढणाऱ्या तंतूंची संख्या मोठी असल्यामुळे स्नायू मोठे बल निर्माण करू शकतो. व्यायामाने स्नायू जाड होतो तसा तंतूंचा तिरपेपणाही थोडा वाढतो.

या स्नायूत दोन्ही मुख्य प्रकारचे तंतू मिसळलेले असतात. संथ तंतू हळू आकुंचन पावतात व उशिरा थकतात. जलद तंतू झटपट बल देतात, परंतु लवकर थकतात. सामान्य माणसात दोन्हींचे प्रमाण बरेचसे सारखे असले तरी व्यक्तीव्यक्तींत मोठा फरक आढळतो. लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये संथ तंतू आणि कमी अंतर वेगाने धावणाऱ्यांमध्ये जलद तंतू अधिक आढळतात.

कार्य

व्हास्टस लॅटरॅलिस फक्त गुडघ्याचा सांधा ओलांडतो. रेक्टस फेमोरिस गुडघा आणि कंबरेखालचा खुब्याचा सांधा असे दोन्ही सांधे ओलांडतो. या फरकाला व्यवहारात महत्त्व आहे. बसताना गुडघ्याबरोबर खुबाही वाकतो आणि उठताना दोन्ही सरळ होतात. अशा वेळी रेक्टस फेमोरिसची लांबी फारशी बदलत नाही, व्हास्टस स्नायूंची मात्र बदलते. त्यामुळे उठण्या-बसण्याच्या कामाचा मोठा भार तिन्ही व्हास्टस स्नायूंवर, विशेषतः सर्वांत मोठ्या व्हास्टस लॅटरॅलिसवर पडतो.

स्नायूचे काम दोन प्रकारचे असते. जिना चढताना तो आखूड होत गुडघा सरळ करतो व शरीर वर उचलतो. जिना उतरताना तो ताणला जात असतानाच आकुंचित राहतो आणि वाकणाऱ्या गुडघ्याला लगाम घालतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामात स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा अधिक होते. सिंहगडासारखा गड चढताना धाप लागते. पण मांड्या भरून येतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे, आणि दुखणे बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते. काही आठवड्यांच्या आत तीच उतरण पुन्हा उतरल्यास त्रास बराच कमी होतो, कारण एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढच्या ताणाला अधिक तयार झालेला असतो.

गुडघा सरळ होण्याचा शेवटचा टप्पा फक्त व्हास्टस मिडियॅलिस पार पाडतो, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. १९६८ साली लीब आणि पेरी यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या पायांवर केलेल्या यांत्रिक अभ्यासात ती टिकली नाही. शेवटच्या १५ अंशांसाठी क्वाड्रिसेप्सला सुमारे ६० टक्के अधिक बल लावावे लागते आणि ते काम सर्व घटक मिळून करतात, असे त्यांना आढळले.

गुडघ्याच्या वाटीशी संबंध

मांडीचे हाड वरून खाली येताना आतल्या बाजूला झुकलेले असते. त्यामुळे क्वाड्रिसेप्स आकुंचन पावला की वाटीला वर ओढतानाच थोडी बाहेरही ओढतो. व्हास्टस लॅटरॅलिस या बाहेरच्या ओढीत भर घालतो, तर व्हास्टस मिडियॅलिसचे खालचे तिरपे तंतू वाटीला आत धरून ठेवतात. मांडीच्या हाडावरील खोबणीचा उंच बाह्य काठ आणि आतल्या बाजूचे अस्थिबंध हेही वाटीला जागेवर ठेवतात.

वाटीच्या मागे किंवा भोवती होणारे दुखणे तरुण खेळाडूंमध्ये सामान्य आहे. बाहेरचा स्नायू प्रबळ आणि आतला दुर्बळ झाल्याने ते होते, असे मानून केवळ आतल्या स्नायूचा व्यायाम देण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. चारही घटकांची चेता एकच असून एका घटकाला वेगळे काढून बळकट करता येते, याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. त्यामुळे आता संपूर्ण क्वाड्रिसेप्स आणि त्याबरोबर खुब्याभोवतीचे स्नायू बळकट करण्यावर भर दिला जातो.

वैद्यकीय महत्त्व

लसीकरण

तान्ह्या बाळाच्या दंडावरील डेल्टॉइड स्नायू लहान असतो. नितंबात टोचल्यास सायटिक चेतेला इजा होऊन पाऊल लुळे पडण्याचा धोका असतो, शिवाय तेथील चरबीमुळे लस स्नायूपर्यंत न पोहोचण्याचीही शक्यता असते. व्हास्टस लॅटरॅलिस जन्मतःच पुरेसा मोठा असल्याने या वयासाठी तो सर्वांत सुरक्षित मानला जातो. मोठा ट्रोकँटर आणि गुडघा यांमधील अंतराचे तीन समान भाग कल्पून मधल्या भागात, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या अंगाला सुई त्वचेशी काटकोनात टोचतात.

भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात जन्मानंतर दिली जाणारी कावीळ-ब लस आणि ६, १० व १४ आठवड्यांना दिली जाणारी पंचगुणी लस डाव्या मांडीत टोचतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब जिवाणूचे आजार यांपासून पंचगुणी लस संरक्षण देते. न्यूमोकोकल लस उजव्या मांडीत दिली जाते. बाजू ठरवून दिल्याने एखाद्या ठिकाणी सूज किंवा गाठ आली तर ती कोणत्या लसीमुळे आली हे ओळखता येते. टोचलेली जागा चोळू नये व तिच्यावर कोणताही लेप लावू नये, आणि लसीकरणानंतर बाळासह अर्धा तास केंद्रावर थांबावे, असे पालकांना सांगितले जाते.

लसीची मात्रा अल्प व मोजक्या वेळाच द्यावयाची असते. औषधांची इंजेक्शने मांडीत वारंवार देणे ही वेगळी बाब आहे. अशा इंजेक्शनांनी क्वाड्रिसेप्समध्ये तंतुमय वण तयार होऊन गुडघा वाकेनासा होतो. १९७०च्या दशकात जपानमध्ये हा विकार झालेली बालके मोठ्या संख्येने आढळली आणि मुलांना अनावश्यक इंजेक्शने देण्याच्या प्रथेवर तेथे कठोर टीका झाली. जे औषध तोंडाने देता येते त्यासाठी बाळाला इंजेक्शन देण्याचा आग्रह पालकांनी धरू नये, यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

तीव्र ॲलर्जीवरील उपचार

शेंगदाणे, मधमाशीचा दंश किंवा एखादे औषध यांमुळे जीवघेणी ॲलर्जी झाल्यास ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या अंगाला स्नायूत देतात. या स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असल्याने दंडात किंवा त्वचेखाली दिलेल्या औषधापेक्षा येथून ते लवकर रक्तात पोहोचते.

ऊतिपरीक्षा आणि संशोधन

स्नायूंच्या आजारांच्या निदानासाठी स्नायूचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. १९६२ साली स्वीडनमधील योनास बर्गस्ट्रम यांनी मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सुईने असा नमुना घेण्याची पद्धत रूढ केली. त्वचा बधिर करून छोटा छेद घेतला जातो व त्यातून सुई व्हास्टस लॅटरॅलिसमध्ये घालतात.

१९६६ साली बर्गस्ट्रम आणि एरिक हुल्टमन यांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. एकाच व्यायामसायकलीच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायाने दमेपर्यंत पेडल मारले. काम केलेल्या मांडीतील ग्लायकोजेन हा साठवलेला पिष्टमय पदार्थ जवळजवळ संपला, तर विश्रांतीतील मांडीत तो जसाच्या तसा राहिला. त्यानंतर तीन दिवस पिष्टमय आहार घेतल्यावर काम केलेल्या स्नायूत ग्लायकोजेन विश्रांतीतील स्नायूच्या जवळजवळ दुप्पट साठले. लांब पल्ल्याच्या शर्यतीपूर्वी भात, पोळी, बटाटे यांसारखे पदार्थ अधिक खाण्याच्या पद्धतीला या प्रयोगाने शास्त्रीय आधार मिळाला.

पुनर्रचना शस्त्रक्रिया

मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागातील त्वचेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बहुधा व्हास्टस लॅटरॅलिसमधून वर येतात. त्या वाहिन्यांसह काढलेली त्वचा व गरजेनुसार स्नायूचा काही भाग शरीरात इतरत्र रोपता येतो. १९८४ साली चीनमधील शल्यचिकित्सकांनी या पद्धतीचे वर्णन केले. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात गाल, जीभ किंवा जबड्याचा भाग काढल्यावर ती पोकळी भरून काढण्यासाठी भारतातही ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

वयानुसार होणारा ऱ्हास

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या लेक्सेल, टेलर व शॉस्ट्रम यांच्या अभ्यासात मृत्यूपूर्वी निरोगी असलेल्या १५ ते ८३ वर्षे वयाच्या ४३ पुरुषांचे संपूर्ण व्हास्टस लॅटरॅलिस स्नायू तपासण्यात आले. स्नायूचा ऱ्हास साधारण २५व्या वर्षापासूनच सूक्ष्मपणे सुरू होतो व पुढे त्याचा वेग वाढतो, असे त्यात दिसले. वयाच्या २० ते ८० वर्षांच्या दरम्यान स्नायूचे क्षेत्रफळ सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटते. याचे प्रमुख कारण तंतूंची संख्या कमी होणे हे असून, उरलेले तंतू, विशेषतः जलद तंतू, बारीक होणे हे दुय्यम कारण आहे.

जलद तंतू बारीक झाल्याचा परिणाम रोजच्या जीवनात दिसतो. ठेच लागल्यावर तोल सावरण्यासाठी गुडघा क्षणात ताठ करावा लागतो. हे बल वेळेवर मिळाले नाही तर माणूस पडतो आणि वृद्धांमध्ये अशा पडण्यातून खुब्याचे हाड मोडते. आजारपणात अंथरुणाला खिळल्यास हा ऱ्हास काही दिवसांतच जाणवू लागतो. गुडघ्याला सूज आल्यास किंवा शस्त्रक्रिया झाल्यास सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे क्वाड्रिसेप्सला मिळणारी उत्तेजना आपोआप कमी होते. अशा वेळी रुग्णाने कितीही प्रयत्न केला तरी स्नायू पूर्ण बळाने आकुंचन पावत नाही. तो आळस नसून शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया असते.

हा ऱ्हास टाळता येण्याजोगा व काही अंशी भरून काढता येण्याजोगा आहे. १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन येथे वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सुमारे ९० वर्षे वयाच्या १० दुर्बळ व्यक्तींना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनासह व्यायाम देण्यात आला. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या मध्यभागातील स्नायूंचे क्षेत्रफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढले. ताकदीतील वाढ आकारमानाच्या वाढीपेक्षा कितीतरी अधिक आहे, कारण सुरुवातीच्या काळात मेंदू व चेता असलेल्या तंतूंचा अधिक चांगला वापर करू लागतात.

व्यायाम

सर्वसाधारण तत्त्वे

गुडघा भारासह वाकवून सरळ करणे हाच व्हास्टस लॅटरॅलिसचा व्यायाम होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. नवशिक्याने एका फेरीत ८ ते १२ आवर्तने करता येतील इतका भार निवडावा व दोन-तीन फेऱ्या कराव्यात. आवर्तने सहज जमू लागली की भार किंवा संख्या थोडी वाढवावी. कमी भारानेही स्नायू वाढतो. मात्र त्यासाठी फेरीच्या शेवटी स्नायू थकत आला पाहिजे. दोन सत्रांमध्ये एक-दोन दिवसांची विश्रांती आणि आहारात डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे यांसारख्या स्रोतांतून पुरेशी प्रथिने असणेही गरजेचे आहे.

खुर्चीवरून उठणे

वृद्धांसाठी व आजारातून उठलेल्यांसाठी ही सर्वांत सोपी सुरुवात होय. न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर घडी करावेत, सावकाश उठावे आणि त्याहून सावकाश बसावे. उठता येत नसल्यास खुर्चीवर जाड उशी ठेवून आसन उंच करावे. खाली धपकन न बसता आवर घालत बसणे हा या व्यायामाचा अर्धा भाग आहे.

बैठका

महाराष्ट्रातील तालमींत दंड आणि बैठका हा कुस्तीच्या मेहनतीचा पाया मानला जातो. पारंपरिक बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो आणि गुडघे पावलांच्या पुढे जातात. त्यामुळे शरीराच्या वजनाची रेषा गुडघ्याच्या सांध्यापासून दूर पडते आणि क्वाड्रिसेप्सवर अधिक काम येते. टाचा जमिनीवर टेकवून व कमरेतून पुढे वाकून घातलेल्या बैठकीत कामाचा काही भाग नितंबाच्या स्नायूंकडे जातो. बाह्य भाराविना शेकडो बैठका मारल्याने मुख्यतः दमसास व चिवटपणा वाढतो; अधिक बळ कमावण्यासाठी पुढे खांद्यावर भार घेणे उपयोगी ठरते.

बैठक किती खोल असावी, याविषयी मतभेद असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात दहा आठवडे पूर्ण व अर्ध्या बैठकांची तुलना करण्यात आली. व्हास्टस स्नायूंची वाढ दोन्ही गटांत जवळपास सारखी होती. नितंब व मांडीच्या आतल्या स्नायूंची वाढ पूर्ण बैठकीत अधिक झाली. रेक्टस फेमोरिसची वाढ मात्र कोणत्याच गटात दिसली नाही. याचा अर्थ, गुडघेदुखीमुळे पूर्ण खाली बसता येत नसले तरी व्हास्टस लॅटरॅलिसला त्यामुळे विशेष तोटा होत नाही.

पायरीचे व एका पायाचे व्यायाम

पायरीवर चढून त्याच पायावर सावकाश उतरणे, तसेच एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवण्याचा लंज हा प्रकार, यांत भार एका पायावर येतो. दोन्ही मांड्यांच्या ताकदीतील फरक यांतून लक्षात येतो व भरून काढता येतो. पायरीची उंची प्रथम कमी ठेवावी.

भिंतीला टेकून बसणे

पाठ भिंतीला टेकवून, गुडघे वाकवून खुर्चीत बसल्याप्रमाणे स्थिर राहण्याच्या या प्रकारात सांधा हलत नाही. हालचालीने गुडघा दुखणाऱ्यांना वाकवण्याचा सोसवेल असा कोन निवडून हा व्यायाम करता येतो. श्वास रोखून धरू नये. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावे.

यंत्रावरील व्यायाम

व्यायामशाळेतील लेग प्रेस यंत्रात पाठीवर भार न घेता मांड्यांवर भार देता येतो. लेग एक्स्टेन्शन यंत्रात बसल्या जागी नडगीवरील भार उचलून गुडघा सरळ करतात. त्यात रेक्टस फेमोरिससह चारही घटकांना काम मिळते. गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी हे यंत्र कधी व किती कोनात वापरावे, हे भौतिकोपचारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

ताकदीचे मोजमाप

मांडीचा घेर टेपने मोजल्यास त्यात चरबीही मोजली जाते, त्यामुळे स्नायूची खरी जाडी अल्ट्रासाउंड किंवा एमआरआय तपासणीतूनच कळते. कार्यक्षमतेची चाचणी मात्र घरीही करता येते. हात छातीवर धरून खुर्चीवरून लागोपाठ पाच वेळा उठण्या-बसण्यास १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असल्यास पायांची ताकद घटलेली असण्याची शक्यता असते. स्नायुक्षयाविषयीच्या युरोपीय तज्ज्ञगटाने २०१९ साली हीच मर्यादा सुचवली आहे. चाचणीच्या वेळी वृद्ध व्यक्तीजवळ कोणीतरी उभे असावे.

दुखापती व काळजी

कबड्डी, फुटबॉल यांसारख्या खेळांत समोरच्याचा गुडघा मांडीवर आदळून स्नायूला मुका मार बसतो. अशा वेळी स्नायू हाड व आघात यांच्यामध्ये चिरडला जातो व आत रक्त साकळते. पहिल्या दिवशी बर्फाचा शेक व गुडघा वेदना न होता वाकेल तितका वाकवून ठेवणे उपयुक्त असते. सुरुवातीच्या दिवसांत तेल लावून जोरात चोळणे किंवा गरम शेक देणे टाळावे. त्याने रक्तस्राव वाढतो, आणि तीव्र दुखापतीत काही वेळा स्नायूतच हाडासारखी कठीण गाठ तयार होते.

सवय नसताना एकदम शेकडो बैठका किंवा उठाबशा काढल्यास तंतूंची मोठ्या प्रमाणावर मोडतोड होऊन त्यांतील प्रथिने रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचवू शकतात. मांड्यांत असह्य वेदना व सूज असून लघवीचा रंग चहासारखा गडद झाल्यास विलंब न करता रुग्णालयात जावे. मुलांना शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावण्यात हा धोका आहे. शिवाय २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेस बंदी आहे.

प्रचलित गैरसमज

कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा व्यायाम 'मांडीच्या बाहेरच्या बाजूचा' म्हणून सांगितला जातो. त्यात मुख्यतः खुब्याच्या बाजूचे ग्लुटियस मिडियस आणि टेन्सर फॅशिए लॅटे हे स्नायू काम करतात. व्हास्टस लॅटरॅलिस खुब्याचा सांधा ओलांडत नसल्याने पाय बाजूला नेणे त्याला शक्यच नाही.

मांडीच्या बाहेरच्या भागाचा व्यायाम केल्याने तेथीलच चरबी घटते, हाही समज चुकीचा आहे. स्नायू आपल्या शेजारची चरबी थेट वापरत नाही. चरबी संपूर्ण शरीरातून कमी होते.

गोल रूळ मांडीच्या बाजूवर फिरवल्याने इलिओटिबियल पट्टा सैल व लांब होतो, असे धावपटूंमध्ये मानले जाते. हा पट्टा अत्यंत चिवट असून अशा दाबाने त्याची लांबी बदलत नाही. दाब पडतो तो त्याच्या खालच्या व्हास्टस लॅटरॅलिसवर, आणि त्याने वाटणारा तात्पुरता मोकळेपणा हा संवेदनेतील बदल असतो.

उतारवयात मांड्यांचा व्यायाम केल्याने गुडघे झिजतात, हा समज सर्वाधिक हानिकारक ठरतो. गुडघ्याच्या संधिवातात क्वाड्रिसेप्सची दुर्बलता सामान्यतः आढळते आणि सोसवेल अशा भाराने केलेल्या व्यायामाने वेदना कमी होऊन हालचाल सुधारते. त्यामुळे संधिवाताच्या उपचारांत मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाला प्राथमिक स्थान दिले जाते.